टीबी की क्रोन: आतड्याच्या एका दुखण्याचे आठ महिने

पार्श्वभूमी

नवतपा सरला होता, पाऊस मात्र आला नव्हता. अशा दिवसांत दक्षिण नागपुरातल्या माझ्या दवाखान्यात पोटाच्या तक्रारींची रांगच लागते. म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात २७ वर्षांचा हा मुलगा वडिलांसोबत आत आला, तेव्हा तो खुर्चीवर बसायच्या आधीच मी मनात 'गॅस्ट्रो' असं लिहून टाकलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा आणि निर्णयांचा क्रम जसा घडला तसाच आहे.)

मुलगा डिप्लोमा झालेला, हिंगणा एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणारा. वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन. घरात आई, मोठा भाऊ, वहिनी आणि भावाचं लहान बाळ. आजोबांना बारा वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा टीबी झाला होता. पूर्ण उपचार घेऊन ते बरे झाले आणि पुढे म्हातारपणानं गेले. तेव्हा हा मुलगा त्यांच्याच खोलीत झोपायचा.

तक्रार सात महिन्यांची होती. जेवणानंतर उजव्या बाजूला खाली पोट दुखायचं, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच व्हायचं, कधी कधी संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वजन ६१ किलोवरून ५२वर आलं होतं. एवढ्या काळात त्याला जंतांचं औषध दोनदा, आमांशाचं दोनदा आणि ॲसिडिटीचं औषध सतत मिळालं होतं. आमांशाच्या औषधाचा एक कोर्स माझाच होता. फेब्रुवारीत तो तोंड आल्याची तक्रार घेऊनही आला होता. गालाच्या आत आणि जिभेखाली बारीक, गोल, पांढरे व्रण होते. खिशातली खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूची) पुडी दिसली आणि मी "आधी हे सोड" म्हणून त्याला वाटेला लावलं. नागपुरात तोंडातल्या कुठल्याही व्रणाला खर्रा हे आयतं उत्तर असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण तसे व्रण आतड्याच्या दाहातही येतात, आणि त्या दिवशी मी शौचाबद्दल एक शब्दही विचारला नाही.

घरात मात्र निदान कधीच ठरलेलं होतं. काटोलचे मामा पहिल्या भेटीतच म्हणाले, "पोराची इम्युनिटी डाऊन हाय, डॉक्टरसाहेब." कोरोनाच्या वर्षांपासून त्यांच्याकडे गुळवेलीचा काढा रोज उकळत असे. तोच रस बाटलीत भरून दर आठवड्याला भाच्याकडे येत होता.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या तपासण्यांत हिमोग्लोबिन ९.४ आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन २.९ आलं, दोन्ही कमी. शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी ४२ होता, म्हणजे वाढलेला. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, जे एरवी ५०च्या आत असावं, ते १,१००च्या पुढे. हे प्रथिन न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधून येतं. ते शौचात एवढं सापडलं याचा अर्थ आतड्याच्या भिंतीतून या पेशी झुंडीनं बाहेर पडत होत्या. नुसतं खाल्लेलं न मानवणं एवढा आकडा देत नाही. आतड्याला सूज आहे हे पक्कं झालं. ती टीबीमुळे की क्रोनमुळे, म्हणजे टीबीसारखाच दिसणारा पण प्रतिकारयंत्रणेनंच आतडं सुजवत ठेवणारा आजार, हे ठरायचं होतं.

धंतोलीतल्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे त्याला पाठवलं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं आतून बघताना, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लांबट व्रण दिसले, मोठ्या आतड्यात मधली जागा चांगली सोडून सोडून बारीक व्रण. दोन आतड्यांमधली झडप आक्रसलेली. सीटीत लहान आतड्याचा आणखी एक तुकडा जाड झालेला. पोटातल्या लसिकागाठी लहान होत्या, मध्यभागी सडलेल्या नव्हत्या. बायोप्सीत जुनाट दाह आणि एक छोटासा ग्रॅन्युलोमा होता, म्हणजे पेशींनी कशाभोवती तरी धरलेलं रिंगण. त्यात टीबीत दिसतो तसा कुजट गाभा नव्हता. टीबीचे जंतू दिसले नाहीत, जनुकीय चाचणीही निगेटिव्ह आली. कल्चर लावलं, त्याला सहा आठवडे लागणार होते. टीबीच्या जंतूशी आधी गाठ पडली आहे का ते कातडीवर बघणारी मान्टू चाचणी मात्र १६ मिलिमीटर उठली.

आता हे वाचून कोणी म्हणेल, क्रोनच की हा! लांबट व्रण, मधे सोडलेल्या जागा, गाभ्याशिवायचा ग्रॅन्युलोमा. पण आतड्याच्या टीबीत जंतूंची संख्या मुळातच कमी असते, त्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. मान्टू आपल्याकडे निरोगी माणसांतही उठते. आणि दोन्ही आजारांची आवडती जागा एकच, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा. हा घोळ शंभर वर्षांहून जुना आहे. १९१३मध्ये ग्लासगोच्या डॅलझील या सर्जननं टीबीसारखे दिसणारे पण टीबीचा जंतू न सापडणारे आतड्याचे रुग्ण नोंदवले. पुढे १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी त्याच आजाराचं सविस्तर वर्णन केलं आणि क्रोनचं नाव त्याला चिकटलं.

प्रतिकारयंत्रणा काय करत होती

मामांच्या "इम्युनिटी डाऊन"ला उत्तर देणं मला भाग होतं. कारण क्रोन निघाला, तर पुढचं औषध प्रतिकारशक्ती दाबणारं असणार होतं. अशक्त झालेल्या पोराची राहिलेली ताकदही डॉक्टर काढून घेतात, अशी घरच्यांची समजूत झाली असती तर ते औषध बाटलीतच राहिलं असतं.

मी सांगितलं ते साधारण असं. आतड्याचं आतलं अस्तर म्हणजे एका पेशीच्या जाडीची भिंत. अलीकडे अब्जावधी जंतूंची वस्ती, पलीकडे शरीरातल्या प्रतिकारपेशींची सगळ्यात मोठी छावणी. निरोगी आतड्यात या पेशींचं बरंचसं काम म्हणजे दुर्लक्ष करणं. रोजचं अन्न, रोजचे जंतू, सगळं ओळखीचं. खरोखरच कोणी घुसलं तर त्या उठतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१२, इंटरल्यूकिन-२३ असे रासायनिक निरोप सुटतात, कुमक येते, सूज येते. काम झालं की नियामक टी-पेशी आणि इंटरल्यूकिन-१० हे सगळं शांत करतात.

क्रोनमध्ये हे शांत होणंच घडत नाही. टीएनएफ वाढतो. त्यानं अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल पडतात. सैल सांध्यांतून जंतूंचे अंश आत झिरपतात, ते पाहून आणखी पेशी उठतात, आणखी टीएनएफ सुटतो. बाहेरचा शत्रू सापडत नाही, पण लढाई चालूच राहते आणि भिंत मात्र आपलीच पडते.

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे करंट कमी नाही जी. ब्रेकर पडून नाही राह्यला."

इतकं नेमकं मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. ज्या बाळांमध्ये इंटरल्यूकिन-१०चा निरोप घेणारी जागाच जन्मतः बिघडलेली असते, त्यांना पहिल्या काही महिन्यांतच आतड्याचा भयंकर दाह होतो, हे २००९मध्ये दाखवून दिलं गेलं. ब्रेकरच बसवलेला नाही अशी ती घरं. आमच्या पेशंटमध्ये असा एकच ठळक दोष असण्याची शक्यता नव्हती. या वयातल्या क्रोनमागे बऱ्याच जनुकांचा थोडा थोडा हात, आतड्यातल्या जंतूंची बदललेली वस्ती, सिगारेट, आहार असं सगळं मिळून असतं. खर्ऱ्याच्या जोडीला पाळी सुटल्यावर तो दोन सिगारेटीही ओढत होता. सिगारेटनं क्रोन बिघडतो, हे मात्र पक्कं माहीत आहे.

मामांना न्याय द्यायचा तर एक गोष्ट सांगायला हवी. २००१मध्ये क्रोनशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, नॉड-२. ते जंतूंची चाहूल घेणारं जनुक आहे आणि क्रोनमध्ये त्याचे जे प्रकार सापडतात त्यांत ही चाहूल मंदावलेली असते. म्हणजे पहिला पहारेकरी डुलकी घेतो, जंतू आत येतात, मग मागची सगळी फौज बेभान होते. त्या अर्थानं कुठेतरी काहीतरी 'डाऊन' असूही शकतं. पण युरोपीय रुग्णांत ठळक आढळणारे नॉड-२चे ते प्रकार भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडत नाहीत. शिवाय पहारेकऱ्याची डुलकी काढ्यानं मोडत नाही. हे सगळं मी मामांना सांगितलं नाही. वडिलांची ब्रेकरची उपमा पुरेशी होती. मी एवढंच म्हणालो, "लाइनवर आधीच ओव्हरलोड आहे, तुम्ही वरून आणखी लोड देऊ नका." मामांनी मान हलवली आणि मी ते होकारार्थी धरलं.

मग वडिलांनीच पुढचं विचारलं, "पण लोड कमी कराले लाइन बंद केली, तर अंधार कुठं कुठं पडन?"

खरी अडचण तीच होती. टीबीचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून असतात, कारण पेशींनी त्यांच्याभोवती ग्रॅन्युलोमाचं कुंपण घातलेलं असतं. आणि ते कुंपण उभं ठेवणाऱ्यांत टीएनएफच मुख्य. क्रोनवरचं टीएनएफ अडवणारं पहिलं औषध, इन्फ्लिक्सिमॅब, अमेरिकेत १९९८मध्ये आलं आणि २००१मध्येच त्यानंतर उफाळलेल्या टीबीच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यामुळे आतड्यातल्या या दंगलीत पेशी कोणाविरुद्ध उठल्या आहेत ते आधी ठरवायला हवं होतं. टीबीविरुद्ध उठल्या असतील तर त्यांना थोपवणं जिवावर बेतलं असतं. आणि टीबी नसेल तर त्यांना मोकळं सोडणं म्हणजे आतड्याची नासाडी.

समोर असलेले पर्याय

तज्ज्ञ आणि मी फोनवर बराच वेळ बोललो. टीबीची औषधं सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी, हा एक मार्ग. क्रोन मानून सूज दाबणारं स्टेरॉइड सुरू करणं, हा दुसरा. कल्चर येईपर्यंत थांबणं किंवा पुन्हा बायोप्सी घेणं, हे तिसरं.

स्टेरॉइड पहिल्याच फेरीत बाद झालं. टीबी असेल तर तो पोटभर पसरला असता, आणि सुरुवातीला स्टेरॉइडनं टीबीतही बरं वाटतं, त्यामुळे चूक उशिरा कळली असती. थांबणं बाद झालं कारण मुलगा दर आठवड्याला वाळत होता. दुसऱ्या बायोप्सीला घरचे तयार नव्हते आणि तिच्यातून जास्त काही हाती लागेल असं आम्हालाही वाटलं नाही. उरला पहिला मार्ग. आपल्या देशात या पेचात बहुतेक डॉक्टर तोच धरतात आणि त्यामागचं कारण साधं आहे. टीबीत या औषधांनी दोन महिन्यांत व्रण भरायला लागतात, क्रोनमध्ये भरत नाहीत.

तज्ज्ञांनी फोन ठेवताना एक वाक्य बजावून सांगितलं, "त्याला कसं वाटतं ते विचारू नका, आत काय दिसतं ते बघा." क्रोनच्या काही रुग्णांनाही टीबीच्या औषधांवर काही आठवडे बरं वाटतं. मी हे वाक्य ऐकलं, पटलंही. पेशंटच्या कागदावर मात्र लिहिलं नाही.

काय केलं

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टीबीची चार औषधं सुरू झाली, सरकारच्या निक्षय या टीबी-नोंदणीवर नोंद झाली. पहिला महिना सुरेख गेला. संध्याकाळचा ताप गेला, वजन दोन किलोंनी वाढलं. सीआरपी ४२वरून २९वर आला. घरात आनंद झाला, मलाही झाला. ४२वरून २९ ही काही घसरण नव्हे, हे मला आता दिसतं. टीबी असता तर तो एव्हाना बराच खाली यायला हवा होता. तेव्हा मला दिसले ते दोन किलो.

सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, जेवण जाईना. पोळ्याच्या दिवशी वहिनीनं त्याचे डोळे पिवळे असल्याचं पाहिलं. दुसऱ्या दिवशी शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक होती. भाऊ त्याला गाडीवर बसवून माझ्याकडे आणताना म्हणाला म्हणे, "पिवळी मारबत इकडं आमच्याच घरी निघाली." कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ३.१. यकृताचं एएलटी हे एन्झाइम, जे चाळिसाच्या आसपास असावं, ते ४१२.

औषधं त्याच दिवशी सगळी बंद केली. टीबीच्या चार औषधांपैकी तीन यकृताला त्रास देऊ शकतात, त्यातलं पायराझिनामाइड विशेष. तेवढ्यात आईनं विचारलं, "मग रस पण बंद करू का?" बाटल्या काटोलहून येतच होत्या. जूनमध्ये मामांनी मान हलवली होती ती ऐकलं म्हणून, मानलं म्हणून नव्हे.

गुळवेलीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. त्या इजेचं रूप, शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटते तेव्हा दिसतं तसं होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचं म्हटलं. वाद काहीही असो, जी वनस्पती प्रतिकारशक्ती जागवते म्हणून विकली जाते, ती प्रतिकारशक्ती आधीच भडकलेल्या माणसाला टीबीच्या औषधांसोबत देण्याचं कारण मला दिसत नाही. या पेशंटमध्ये दोष पायराझिनामाइडचा की गुळवेलीचा, हे सांगता येणार नाही. दोन्ही एकाच दिवशी बंद झाली आणि दोन्ही पुन्हा दिली नाहीत. तीन आठवड्यांत यकृत पूर्ववत झालं.

निर्णय चुकला ती जागा

याच तीन आठवड्यांत कल्चरचा रिपोर्ट आला. टीबीचा जंतू वाढला नाही.

आज कागदांची फाइल उलगडून बसलो की मी इथे थांबतो. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. औषधं बंद आहेत, यकृत सावरलंय, कल्चर निगेटिव्ह आहे, औषधं सुरू केल्याला जवळजवळ दोन महिने होत आले आहेत. कोलोनोस्कोपी करून आत बघण्याची यापेक्षा चांगली वेळ असूच शकत नव्हती. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा करणं तर त्याहून सोपं होतं, त्यासाठी डबीभर शौच पुरतं.

मी रिफॅम्पिसिन सुरू केलं. चार दिवसांनी रक्त तपासून आयसोनियाझिड, मग एथॅम्ब्युटॉल. पायराझिनामाइड वगळलं. एन्झाइम वाढली नाहीत आणि मी स्वतःवर खूश झालो.

असं का केलं? एक तर पोरगा कोलोनोस्कोपीला तयार नव्हता. आदल्या रात्री पिण्याचं ते दोन लिटर पाणी त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं, आणि बहुतेक पंचविशीतल्या मुलांना ते येतंच. शिवाय दिवाळीनंतर चुलत बहिणीचं लग्न होतं, ते होऊ द्या म्हणाले. पण खरं कारण वेगळं होतं, ते माझ्या डोक्यात होतं. टीबीचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे वैद्यकीच्या पहिल्या वर्षापासून अंगात मुरलंय आणि टीबी सिद्ध झालेल्या रुग्णासाठी ते शंभर टक्के खरं आहे. इथे मात्र कोर्स चालू नव्हताच. चालू होती एक चाचणी, जिचा निकाल दोन महिन्यांनी लावायचा होता. यकृताच्या गोंधळात मी चाचणीचा कोर्स करून टाकला आणि निकालाची तारीख विसरलो. वडील विचारायचे, "किती महिने राहिले?" मी "चार" म्हणायचो, "तीन" म्हणायचो. "अजून ठरायचंय" असं मी एकदाही म्हणालो नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वजन ५४वर अडलं. पोट दुखण्याची जात बदलली होती. आता जेवणानंतर गोळा उठायचा, पोटात गुडगुड फिरायचा आणि मोठा आवाज करून सुटायचा. आतडं कुठेतरी अरुंद होतंय याचं याहून स्पष्ट वर्णन कुठल्या पुस्तकात नसेल. त्यानं ते मला फोनवर सांगितलं. मी गॅसची गोळी सांगितली.

डिसेंबर

संत्र्यांचा मोसम. मामा पेटी घेऊन आले. रात्री टीव्हीसमोर बसून त्यानं सहा-सात संत्री खाल्ली, फोडींच्या साली आणि धाग्यांसकट. पहाटे पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. विधिमंडळाचं अधिवेशन चालू, रस्ते अडवलेले. धंतोलीच्या रुग्णालयात पोहोचायला तास लागला.

सीटीत लहान आतड्याचा शेवटचा चार सेंटिमीटरचा भाग चिंचोळा झालेला आणि त्यामागचं आतडं फुगलेलं होतं. नाकातून नळी, सलाइन, तोंडानं काही नाही. तिसऱ्या दिवशी आतडं मोकळं झालं. त्यानंतर कोलोनोस्कोपी झाली, जी सप्टेंबरमध्ये व्हायला हवी होती. व्रण जुलैत होते तिथेच होते, उलट अधिक खोल. कॅल्प्रोटेक्टिन १,४००.

आता क्रोन ठरला. पुढचे निर्णय तज्ज्ञांचे, मी ऐकायला होतो. पहिला प्रश्न होता तो ही जागा सुजेमुळे अरुंद झाली आहे की जुन्या व्रणांच्या वणांमुळे कायमची आवळली गेली आहे. सुजेला औषध आहे, आवळलेल्या दोऱ्याला शस्त्रक्रिया किंवा फुग्यानं ताणणं. सीआरपी आणि सीटीतला भिंतीचा रंग सांगत होता, दोन्ही आहे, पण सूज बरीच. शस्त्रक्रियेनं तेवढा तुकडा काढून टाकण्याचा पर्याय मोकळेपणानं मांडला गेला. एकाच जागी आजार असता तर कदाचित तोच निवडला असता. मोठ्या आतड्यातही व्रण असल्यानं औषधांना संधी द्यायचं ठरलं.

टीबीची औषधं थांबवायची का? इथे एक गोष्ट योगायोगानं कामाला आली. मान्टू उठलेली, घरात टीबी होऊन गेलेला, म्हणजे टीएनएफ अडवण्याआधी सुप्त टीबीचा उपचार लागलाच असता. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड तीन महिने एकत्र घेतलं की तो पुरा होतो आणि यकृत सावरल्यानंतर त्याचे तीन महिने नुकतेच भरले होते. त्यामुळे सगळी औषधं थांबवता आली. ती थांबवणं दुसऱ्या कारणानंही गरजेचं होतं. रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की स्टेरॉइड शरीरातून भराभर निघून जातं. त्याचा हा परिणाम औषध बंद केल्यावरही दोनेक आठवडे रेंगाळतो.

छातीचा सीटी, कावीळ ब आणि एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या, लसी दिल्या. स्टेरॉइड दहा आठवड्यांत उतरवत आणलं. जानेवारीच्या शेवटी अडालिमुमॅब सुरू झालं, टीएनएफला धरून ठेवणारं इंजेक्शन. त्याची पहिली भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४च्या अखेरीस बाजारात आली म्हणून मध्यमवर्गीय घरात त्याचा विचार तरी करता येतो. तरीही एका डोसमध्ये त्याच्या पगाराचा मोठा घास जातो आणि बाह्यरुग्ण म्हणून घेतलेलं इंजेक्शन त्याच्या विम्यात बसत नाही. पहिल्या तीन डोसांचे पैसे मामांनी दिले, न मागता. प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध, ॲझाथायोप्रिन, सोबत द्यायचं का, यावरही चर्चा झाली. तरुण पुरुषांत या जोडीनं होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाचा (लसिकापेशींच्या कर्करोगाचा) धोका आणि यकृताचा ताजा इतिहास पाहून ते टाळलं.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी वजन ६०, सीआरपी ४, कॅल्प्रोटेक्टिन १८०. शौच दिवसातून दोनदा. चिंचोळी जागा उरलीच, तीन सेंटिमीटरची. एकदा फुग्यानं ताणावी लागली. सिगारेट सुटली. खर्रा सुटलाय असं तो सांगतो. वडील मागे उभे राहून मान डोलावतात, ती आडवी की उभी हे मी विचारत नाही.

इंजेक्शन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात नागपूर पंचेचाळिशी ओलांडतं. दुकानातून घरी आणायला वडिलांनी जुन्या जेवणाच्या डब्ब्याला थर्माकोल लावून एक पेटी बनवली आहे. लाइट गेली की फ्रिज उघडायचा नाही, अशी चिठ्ठी त्यांनी दारावर चिकटवली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

फेब्रुवारीत तोंड आलेल्या, वजन घटलेल्या मुलाला पोटाबद्दल दोन प्रश्न विचारले असते तर चार महिने वाचले असते. पण खरी चूक ती नाही. दहातल्या नऊ तोंडांत खर्राच सापडतो आणि पुढेही तो मला फसवणारच.

टीबीची औषधं आधी देण्याचा निर्णय मी आजही बदलणार नाही. ब्रिटनमधल्या 'प्रोफाइल' चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. क्रोनचं निदान झाल्याबरोबर इन्फ्लिक्सिमॅब आणि प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध अशी जोडी दिलेल्या रुग्णांपैकी ७९ टक्के वर्षभर स्टेरॉइड आणि शस्त्रक्रियेशिवाय चांगले राहिले. पायरी पायरीनं औषध वाढवलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. हे आकडे वाचून माझा एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, आपण उगाच वेळ घालवतो." ब्रिटनच्या डॉक्टरपुढे आतड्याचा टीबी क्वचित येतो, आपल्यापुढे रोज. पण त्या आकड्यांतून एक गोष्ट घ्यायलाच हवी. दाह जितका लांबतो तितकं आतडं आवळतं, आणि टीबीच्या औषधांवर विनाकारण काढलेला प्रत्येक महिना क्रोनच्या रुग्णाला चिंचोळ्या जागेकडे नेतो. माझ्या पेशंटची ती जागा जूनच्या सीटीत नव्हती.

म्हणून आता मी टीबीची औषधं 'बघूया' म्हणून सुरू करतो तेव्हा त्याच दिवशी कोलोनोस्कोपीची तारीख घेतो आणि ती लाल शाईनं चिठ्ठीच्या वरच्या बाजूला लिहितो, औषधांच्याही आधी. दुसऱ्या महिन्यात सीआरपी आणि कॅल्प्रोटेक्टिन होतंच, पेशंट कितीही ताजातवाना दिसला तरी. औषधं मधे थांबवावी लागली तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञांना फोन करतो. सप्टेंबरमध्ये मी तो केला नव्हता. मला वाटलं, यकृताचा प्रश्न आहे, मी निस्तरीन. काढ्याबद्दल "घेता का?" असं विचारत नाही, "कुठून आणता?" असं विचारतो. मग उत्तर खरं येतं.

पुढची कोलोनोस्कोपी दिवाळीनंतर आहे. व्रण पूर्ण भरलेले दिसले तर इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येईल का, असं त्यानं गेल्या भेटीत विचारलं. माझं मत नको असं आहे, तज्ज्ञांचंही तसंच. पण पैशांचा ताण खरा आहे, म्हणून आत काय दिसतं त्यावर बोलू, असं ठरलंय. बाहेर पडताना आईनं हळूच विचारलं, गच्चीवर मामांनी लावलेला गुळवेलीचा वेल आता कठड्यावरून खाली उतरलाय, तो तोडून टाकायचा का? राहू द्या म्हणालो. मामा गच्चीवर गेले की बघतात त्याच्याकडे.